गवताचं मशीन चालू होईना

दोरी ओढून ओढून खांदा निखळलेली माणसं मी आयुष्यात पाच पाहिली. पाचही चांगली शिकलेली होती. कमी शिकलेला माणूस दोरी चार वेळा ओढतो, इंजिन चालू झालं नाही की त्याला एक शिवी घालतो आणि मिस्त्रीला बोलावतो. शिकलेला माणूस मात्र इंजिनाशी वाद घालत बसतो.

ही दोरी गवत कापायच्या मशीनची. खाली फिरणारं पातं, वर छोटं पेट्रोल इंजिन, मागं ढकलायला दांडा. दोरी ओढली की इंजिन चालू होतं, किंवा होत नाही. होत नाही तेव्हा लोक माझ्याकडं यायचे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, जाफर गेटच्या बाजूला एका शटरच्या दुकानात मी तीसेक वर्षं असली छोटी इंजिनं दुरुस्त केली. फवारणीचे पंप, मंडपवाल्यांचे जनरेटर आणि गवताची मशीनं. दत्ता मिस्त्री म्हटलं की मोंढ्याच्या बाजारापर्यंत कुणीही बोट दाखवायचं.

आता कुणी विचारील की ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं लॉन असते कुणाची? असते. ड्रम रिकामे असले तरी दारापुढं हिरवं दिसलं पाहिजे, असं वाटणारी माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत. त्यांच्यावरच माझी चूल पेटली, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर मिळाल्या की ते चालतं. बंद पडलं की तिघांपैकी कोण रुसलंय ते शोधायचं, एवढीच माझी विद्या. ती मला हबीब उस्तादांनी शिकवली. ते म्हणायचे, "इंजन के तीनीच नखरे रहते मियाँ. चौथा नखरा मालिक का रहता."

चौथा नखरा मला लवकरच कळला. ज्योतीनगरात एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी नवीन मशीन आणून दोन दिवस दोरी ओढली. तिसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ते दुकानात आले. मी घरी गेलो, टाकीखालची चकली, म्हणजे पेट्रोल सोडायची छोटी तोटी, बोटानं फिरवली आणि दोरी एकदा ओढली. मशीन चालू झालं. प्राध्यापक म्हणाले, "हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही." पुस्तिका तिथंच होती. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, पहिलीच सूचना तीच होती. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "मी छत्तीस वर्षं मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगत आलो." मग त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या मशीनच्या हवेच्या गाळणीत खारीनं घरटं केलं होतं. आत तीन पिल्लं. बाईंनी मला हात लावू दिला नाही. "त्यांचे डोळे उघडू द्या," म्हणाल्या. मी महिनाभर दर आठवड्याला जाऊन पिल्लांचे डोळे बघून यायचो. तोवर त्यांच्या लॉनवर गवत एवढं वाढलं की बाईंचा कुत्रा त्यात हरवला. सापडला तो वासावरून.

पण मला सांगायचीय ती वाळूजची गोष्ट.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दसरा होऊन दोन आठवडे झाले असतील. वाळूजच्या एका इंजिनियरिंग कारखान्यातून फोन आला. कारखान्याचं नाव सांगत नाही. गाड्यांचे सुटे भाग करणारा मोठा कारखाना होता आणि ऑफिसपुढं पाऊण एकर लॉन होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशातून मोठं गिऱ्हाईक यायचं होतं आणि गवताचं मशीन बंद पडलं होतं.

मी स्कूटरला हत्यारांची पेटी बांधली आणि साडेनऊला गेटवर पोचलो. गेटवर गायकवाड हवालदार होते. फौजेतून निवृत्त झालेले, मिशांना पीळ, छातीशी रजिस्टर धरलेलं. त्यांनी माझी पेटी उघडायला लावली आणि एकेक पाना मोजून लिहून घेतला.

"पाने अकरा. पक्कड दोन. हे काय?"

"डबा आहे, हवालदारसाहेब. जेवणाचा."

"भाकरी किती?"

"तीन."

त्यांनी लिहिलं, भाकरी तीन. "जाताना तीनच्या जागी चार दिसल्या तर पास लागंल," असं ते गंभीरपणे म्हणाले. मला वाटलं थट्टा करतात. संध्याकाळपर्यंत कळलं की त्यांच्याकडं थट्टा नावाचं खातंच नव्हतं.

आत लॉनवर दोन माणसं माझी वाट बघत उभी होती. एक कुलथे, देखभाल विभागाचे तरुण इंजिनियर, भारी हुशार आणि भारी घाबरलेले. दुसरे रखमाजी नाना, तिथले माळी. देवगाव रंगारीकडचे मेंढपाळाच्या घरातले. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्याला पागोटं आणि अंगावर कंपनीचा निळा सदरा. ते कंपनीचे कायमचे नव्हते, ठेकेदाराकडून आलेले होते.

लॉन बघून मला हसू आलं, पण त्या दोघांचे चेहरे बघून ते गिळलं. न्हाव्यानं अर्धं डोकं भादरून निरोप घ्यावा तसं दिसत होतं. इथं एक पट्टा कापलेला, तिथं अर्धा, मध्येच गुडघ्याएवढं रान.

कुलथे म्हणाले, "पाच-सहा मिनिटं चालतं आणि बंद पडतं. मग कितीही ओढा, ढिम्म. थोड्या वेळानं आपोआप चालू होतं. आम्ही तीन वेळा मीटिंग घेतली यावर."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून," रखमाजी नाना हळूच म्हणाले. "त्याच्याआधी लई गुणाचं व्हतं."

मशीन ज्या घोंगडीखाली झाकलं होतं ती घोंगडी नानांची स्वतःची होती. मशीन धुतलेलं, चाकांना तेल दिलेलं, दांड्यावर धुळीचा कण नाही. एवढं जपलेलं मशीन मी कुठल्या बंगल्यातही पाहिलं नव्हतं. पण कुलथ्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मॅनेजर टिपणीससाहेबांचा नानांवर संशय आहे. मशीन आल्यावर विळा सुटला, विळ्यानं कापणारी मदतीची दोन माणसं सुटली, म्हणून नानानं मुद्दाम काहीतरी केलं असणार. ठेकेदाराला निरोप गेला होता. सोमवारपासून दुसरा माळी पाठवा.

"नानांना माहितीय?"

"माहितीय," कुलथे म्हणाले. "तरी सकाळी येऊन त्यांनी मशीन पुसलं."

मी कामाला लागलो. प्लग काढला, घासला, ठिणगी बघितली. निळीशार. हवेची गाळणी झटकली. कार्बोरेटर खोलला. कार्बोरेटर म्हणजे टाकीतलं पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला भरवणारा भाग. त्याच्या पोटात पेट्रोलची एक छोटी वाटी असते. टाकीतून ती भरत राहते आणि इंजिन तिच्यातून पीत राहतं. वाटी साफ केली, सगळं परत बसवलं, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात मशीन चालू.

कुलथ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रुमालानं हात पुसत मोठ्या माणसासारखं म्हणालो, "कचरा होता." कचरा काही नव्हता. पण मिस्त्रीला असं म्हणावं लागतं.

नानांनी मशीन ढकलायला घेतलं. एक पट्टा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याच्या मध्यावर ते खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं. मी दोरी ओढली. दहा वेळा ओढली. ढिम्म.

पेट्रोल संपलं का म्हणून मी टाकीचं टोपण काढून पाहिलं. टाकी अर्धी भरलेली. टोपण लावलं, सहज दोरी ओढली. चालू.

सहा मिनिटांनी बंद.

असं चारदा झालं. मी दोनदा परत कार्बोरेटर खोलला. प्लग बदलला. ऊन चढलं. कुलथ्यांनी आतून पांढरा फळा आणून लॉनवर उभा केला आणि त्यावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढून कारणं लिहायला घेतली. 'माणूस', 'मशीन', 'माल', 'पद्धत'. 'माणूस' या काट्याखाली काय लिहावं म्हणून ते थांबले, नानांकडं बघितलं आणि ती जागा कोरी सोडली. मला ते पोरगं तेव्हापासून आवडलं.

दुपारी बारा वाजता टिपणीससाहेब आले. उंच, गोरे, ठाण्याकडचे, बोलणं कमी. त्यांनी लॉन बघितली, फळा बघितला, माझ्या काळ्या हातांकडं बघितलं.

"किती वेळ लागेल?"

"बघतोय साहेब."

"सकाळपासून सगळे बघतच आहेत." मग ते सगळ्यांना मिळून म्हणाले, "उद्या दहाला पाहुणे येणार. काहीही करा, पण संध्याकाळपर्यंत हे गवत एकसारखं दिसलं पाहिजे. कसं करता ते मला सांगू नका."

ते गेले. रखमाजी नानांनी पागोटं सारखं केलं. मग कुलथ्यांना म्हणाले, "साहेब, काय बी करा म्हणले ना ते?"

"हो."

"कसं ते सांगू नका असं बी म्हणले?"

"म्हणाले."

"मग मी जरा जाऊन येतो," असं म्हणून नाना सायकलवर निघून गेले. मला वाटलं माणूस कंटाळून घरी गेला. मी जेवायला बसलो.

दोन वाजता गेटवरून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही पळत गेलो. गेटबाहेर मेंढरं उभी होती, रस्त्याच्या कडेपर्यंत. मेंढरांपुढं नाना आणि त्यांची थोरली बहीण गोदाक्का. जवळच बाजरी काढलेल्या रानात तिचा तळ पडला होता. अंगानं काटक, हातात काठी, कमरेला पदर खोचलेला. ती गायकवाड हवालदारांशी बोलत होती.

"अहो फौजदार, गवत खायला आलोय. चोरी करायला नाय."

"मी हवालदार आहे. आत जायचं तर पास लागतो. प्रत्येकाला."

"मेंढराला पास?"

"माणूस असो, ट्रक असो, नोंद झालीच पाहिजे. आत किती गेले, बाहेर किती आले. फॅक्टरी आहे ही."

कुलथ्यांनी हात जोडले. साहेबांनी काहीही करा म्हटलंय, असं सांगितलं. हवालदारांना तोंडी हुकूम पुरत नव्हता, पण इंजिनियरची सही पुरत होती. शेवटी असं ठरलं की बेचाळीस वेगळे पास लिहिण्याऐवजी एकच गटाचा पास करायचा. हवालदारांनी गेटची छोटी फळी उघडली आणि एकेक मेंढरू मोजून आत घेतलं. चोविसाव्याला काळ्या मेंढ्यानं परत फिरून गोंधळ घातला, म्हणून सगळी बाहेर काढून पहिल्यापासून मोजली. रजिस्टर मी स्वतः वाचलं. 'अभ्यागत: बेचाळीस. कोणास भेटायचे: माळी. कामाचे स्वरूप: गवत.' सहीच्या रकान्यात गोदाक्काचा अंगठा.

मेंढरं लॉनवर पसरली आणि काम सुरू झालं. मी सांगतो, तसं काम मी कुठल्याच मशीनला करताना पाहिलं नाही. बेचाळीस तोंडं एका ओळीनं पुढं सरकत होती. नाना आणि आक्का दोन बाजूंनी हलकेच हाकत होते. वरच्या मजल्याच्या काचांना कारकून चिकटले होते. शेवंतीच्या वाफ्याचं थोडं नुकसान झालं, पण ते बाहेरून दिसत नव्हतं.

इकडं मी मशीनपुढं मांडी घालून बसलो होतो आणि मला खरं सांगायचं तर लाज वाटत होती. एवढी वर्षं मी इंजिनं उघडत आलो आणि माझं काम मेंढरं करत होती. पाचव्यांदा मशीन बंद पडलं. मी टोपण काढलं, पेट्रोल बघितलं, टोपण लावलं.

गोदाक्का घटकाभर टेकायला माझ्या शेजारी येऊन बसली होती. ती म्हणाली, "पुन्हा काढ रं ते."

"काय?"

"टोपण. काढ."

मी काढलं.

"आता काय नाय झालं. मघाशी सुस्कारा टाकला त्यानं. बंद पडल्यावर पयल्यांदा काढलंस तवा."

"सुस्कारा?"

"हां. आता बघ. कोकराची माय मेली की आमी त्याला बाटलीनं दूध पाजतो. ते वढत राहतं, वढत राहतं, अन् मग दूध येईनाच. बाटलीत दूध दिसतंय पर येत नाय. मग बाटली त्याच्या तोंडातून जरा सोडवायची. आत वारा शिरला की पुन्हा येतं." तिनं मशीनकडं हनुवटी केली. "ह्याचं बी तसंच झालंय. ह्याच्या बाटलीत वारा जात नाय."

टाकीच्या टोपणाला वर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की त्या भोकातून तेवढी हवा टाकीत शिरते. ते बुजलं की टाकी आतून ओढली जाते आणि पेट्रोल खाली उतरतच नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं असेल तेवढं पाच-सहा मिनिटं पुरतं. मग बंद. मिस्त्री येतो, टोपण काढतो, हवा आत शिरते, इंजिन चालू. मिस्त्रीला वाटतं आपण दुरुस्त केलं. हे मला माहीत होतं. हबीब उस्तादांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. सकाळपासून मी पाच वेळा ते टोपण हातात धरलं होतं आणि एकदाही त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. मी आत पेट्रोल बघत होतो.

आता टोपण पाहिलं. वरून बोटभर जाड लाल थर. ऊन आणि पेट्रोल लागून लाखेसारखा कडक झालेला.

"नाना," मी हाक मारली. "हे काय आहे?"

नाना आले. टोपण बघून त्यांनी आधी हात जोडले. "खंडेनवमीचं कुंकू हाय. साहेबांनी सोता लावलं. सगळ्या मशीनींची पूजा झाली तवा मी म्हणलं, साहेब, माझ्या बी मशीनीला लावा. तर त्यांनी चांगलं भिजवून थापलं. मी रोज धुतो मशीन, पर तेवढं टोपण सोडून. साहेबांच्या हातचं पुसायचं कसं?"

मी पेटीत तार शोधू लागलो. तेवढ्यात गोदाक्कानं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी थर खरवडला, नानांनी तो तळहातावर धरलेल्या पळसाच्या पानात गोळा केला, जमिनीवर पडू दिला नाही. भोक मोकळं झालं. टोपण लावलं, दोरी ओढली. सहा मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा झाली. मशीन चालतच राहिलं. नाना ते ढकलत मेंढरांच्या बाजूनं गेले तेव्हा मेंढरांनी सुद्धा वळून पाहिलं.

साडेचारला टिपणीससाहेब बाहेर आले. समोर अर्ध्या लॉनवर मशीन, अर्ध्यावर मेंढरं. मेंढरांकडं बोट करून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कसं करता ते सांगू नका, असं त्यांनीच म्हटलं होतं.

मग मला म्हणाले, "काय झालं होतं मशीनला?"

"टोपणाचं भोक बुजलं होतं साहेब."

"कशाने?"

मी म्हटलं, "कुंकवानं."

"कुणी लावलं?"

मी नानांकडं बघितलं. नाना खाली बघत म्हणाले, "माझ्याच हातून जादा लागलं असंल साहेब. चुकलं."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. मोठ्या कारखान्याचं काम सुटेल, मॅनेजरला त्याच्या माणसांसमोर कसं सांगायचं, असलं काहीतरी डोक्यात आलं आणि मी पाने पुसत बसलो. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

बोलले ते कुलथे. सकाळपासून घाबरलेले तेच. "सर, त्यांनी नाही. तुम्ही लावलंय. कँटीनच्या बोर्डावर फोटो आहे. तुम्ही, मशीन आणि कुंकवाची वाटी."

टिपणीससाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते पाठ फिरवून आत गेले. कुलथे मटकन फळ्यापाशी बसले. "माझं प्रमोशन गेलं," असं त्यांनी फळ्याला सांगितलं. नाना मात्र मेंढरांकडं गेले, कारण तिथं एक मेंढी घोळक्यातून बाजूला होऊन गुलमोहराखाली आडवी झाली होती. गोदाक्का म्हणाली, "मला वाटलंच. तिला तळावर सोडायला नको म्हणून आणली, तर हिनं दिवस आजचाच धरला."

पाऊण तासात कोकरू झालं. पांढरं, फक्त डावा कान काळा. तोवर लॉन पुरी झाली होती. खरं सांगतो, हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी दिसत होती. मेंढरांनी मागं टाकलेल्या लेंड्या नानांनी झाडून पाटीत भरल्या. 'खत हाय, वाया कशाला घालवायचं,' म्हणून गुलाबाच्या बुडाला घातल्या.

साडेपाचला वरात गेटवर आली. हवालदारांनी रजिस्टर उघडलं आणि मोजायला घेतलं. शेवटी गोदाक्का, पदरात गुंडाळलेलं कोकरू घेऊन.

"थांबा," हवालदार म्हणाले. "त्रेचाळीस झाले."

"हे आत झालं," गोदाक्का म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. आत बेचाळीस गेले. बाहेर त्रेचाळीस जात नाहीत. जास्तीची वस्तू फॅक्टरीच्या आवारात तयार झालेली आहे. मालाचा गेट पास लागंल. मॅनेजरच्या सहीचा."

"अहो, ते माझ्या मेंढीचं हाय."

"मेंढी तुमची. ते मान्य. पण तयार इथं झालंय."

कुलथ्यांनी समजावलं, मी समजावलं. हवालदार ढळले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कोकराला सावलीत ठेवायला स्वतःची खुर्ची दिली. पण पास म्हणजे पास. शेवटी त्यांनीच टेबलावरचा फोन उचलला आणि सांगितलं, "साहेब, गेटवर एक नग अडवलाय. सहीला या."

टिपणीससाहेब चालत आले. सगळी मेंढरं, कुलथे, नाना, मी, सुटीच्या बसची वाट बघणारे चाळीसेक कामगार, सगळे बघत होते. हवालदारांनी पासचं बुक पुढं केलं आणि एकेक रकाना वाचला.

"मालाचे वर्णन?"

साहेबांनी खुर्चीकडं बघितलं. कोकरू उभं राहायचा प्रयत्न करत होतं आणि दर वेळी पुढचे पाय पसरून बसत होतं. साहेबांनी लिहिलं, 'कोकरू, पांढरे.'

"नग?"

'एक.'

"परत येणार की नाही?"

साहेबांनी गोदाक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "तुमचं गवत वाढलं तर येईल. नाय तर कशाला?"

साहेबांनी लिहिलं, 'आवश्यकतेनुसार.'

"नेणाऱ्याचे नाव आणि विभाग?"

साहेब थांबले. पेन कागदावर टेकलेलं, कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. मग त्यांनी नानांना विचारलं, "रखमाजी, तुमचं आडनाव काय?" चार वर्षं तो माणूस त्यांच्या खिडकीखाली काम करत होता.

"कोळेकर, साहेब."

त्यांनी लिहिलं. हवालदारांनी पास उलटा धरून वाचला आणि बोट ठेवलं.

"साहेब, इथं बागकाम विभाग लिहिलंय. असा विभाग नाही आपल्याकडं. माळी ठेकेदाराचा आहे, अन् तो बी सोमवारपासून बंद."

"सोमवारपासून विभाग आहे," टिपणीससाहेब म्हणाले. "यांचा पास कायमचा करा."

त्यांनी सही केली. हवालदारांनी शिक्का मारला, पास फाडून नानांच्या हातात दिला. मग ते खुर्चीपाशी गेले, कोकराचा काळा कान उचलून बघितला आणि पास परत मागून घेतला. 'पांढरे'च्या पुढं स्वतःच्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'एक कान काळा', खाली सही केली आणि फळी उघडली.